बॉक्स बोगदा, ब्रुनेलचा वाढदिवस आणि मामांचा फॉरवर्ड

मामांनी काल घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि आज आठवीतली भाची तोच शाळेच्या तक्त्यावर उतरवत बसली होती. म्हणून हे लिहायला घेतलं. मजकूर असा: इंग्लंडमधला बॉक्स हा रेल्वेचा बोगदा इंजिनियर इसाम्बार्ड ब्रुनेलने इतका अचूक खणला की वर्षातून फक्त त्याच्या वाढदिवशी, 9 एप्रिलला, उगवता सूर्य आरपार दिसतो, दोन्हीकडच्या खोदाईत केसाइतकाही फरक पडला नाही, आणि शिस्त अशी की एकही मजूर दगावला नाही.

या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं. बाथ आणि चिपेनहॅमच्या मधला हा जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा 1836 ते 1841 या काळात खणला गेला. टेकडीवरून उभ्या विहिरी पाडल्या होत्या, काही तर तीनशे फुटांच्या आसपास खोल. त्यांतून माणसं खाली सोडायची, सुरुंग लावायचे, दगड वर ओढायचा. आठवड्याला एक टन सुरुंगाची दारू आणि एक टन मेणबत्त्या लागत. बंद भुयारात, मेणबत्तीच्या उजेडात एवढी दारू हाताळली, आणि म्हणे एकही दगावला नाही! मृतांचा आकडा साधारण शंभर सांगतात. तोही बाजूला ठेवा. 1846 साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे बाथच्या इस्पितळाची यादी आली: सप्टेंबर 1839 ते जून 1841, त्या भागातल्या रेल्वेकामावरचे 131 गंभीर जखमी. किरकोळ दुखापती त्यात धरलेल्याच नाहीत. त्यावर ब्रुनेलचं म्हणणं काय, तर काम आणि दारू पाहता आकडा लहानच आहे, आणि तिथले सगळे अपघात यात आलेले नसावेत. खुद्द ब्रुनेल हे कबूल करतो, आणि आपण त्याच्या नावावर शून्य मांडतो.

वाढदिवसाच्या गोष्टीत अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. बोगदा नाकासमोर सरळ आहे, पूर्वेकडे शंभराला एक असा चढत जातो, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला सकाळचा सूर्य त्या रेषेत येतो. पण ब्रिटिश खगोल संघटनेच्या नियतकालिकात 1985 साली हिशोब मांडला गेला, त्यात पूर्ण उजेडाचा दिवस 7 एप्रिल निघतो, लीप वर्षी 6. आणि 'फक्त एकदा' तर शक्यच नाही. जूननंतर सूर्य माघारी फिरतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा त्याच जागी उगवतो. कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात, असा दोनदा होतो, तो याच कारणाने. मामा तर दरवर्षी जातात!

राहिला केसाचा मुद्दा. फरक पडला, पण दोन इंचांच्या आत, आणि त्याचं कौतुक करावंच. त्यात लुइस, ब्रुअर आणि बर्ज या कंत्राटदारांचीही नावं घ्या.

भाचीने 'एकही मजूर दगावला नाही' ही ओळ खोडली. आता तिथे '131 गंभीर जखमी' लिहिलंय, लाल स्केचपेनने.