लॉख नेसच्या तळाशी गुहा आहेत, म्हणून ‘नेसी’ सापडत नाही? एक प्रतिवाद

स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवरात राहणाऱ्या ‘नेसी’ या कथित राक्षसी प्राण्याविषयीचा एक दावा गेली कित्येक वर्षे हातोहात फिरतो आहे. माझ्यापर्यंत तो मराठीतून दोनदा आला आणि दोन्ही वेळा तो पाठवणारी माणसे विचारी होती, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे. दाव्याचा गोषवारा असा: सरोवराच्या तळाशी आणि कडांमध्ये प्रचंड गुहा असून सोनार यंत्रांना, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या यंत्रांना, त्यांच्या आत पाहता येत नाही. त्यांपैकी निदान एक गुहा भुयाराने थेट समुद्राला मिळते. १७५५ साली पोर्तुगालमधील लिस्बनला भूकंप झाला तेव्हा हे सरोवर उसळले, हा त्या भुयाराचा पुरावा. २०१६ साली तळाशी एक अज्ञात घळ सापडली, हा गुहांचा पुरावा. आणि एवढे शोध घेऊनही ‘नेसी’ हाती लागत नाही, कारण चाहूल लागताच ती गुहेत शिरते. सगळे मुद्दे एकमेकांना टेकू देत उभे असल्यामुळे हा दावा पटकन पटतो. म्हणूनच प्रत्येक मुद्दा सुटा करून तपासायला हवा.

सुरुवात खडकापासून करू. मोठ्या नैसर्गिक गुहा बहुधा चुनखडीत तयार होतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि हजारो वर्षे भेगांमधून झिरपताना चुनखडी विरघळवत जाते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डर्नेसजवळ असलेली प्रसिद्ध स्मू गुहा चुनखडीतच आहे. बेसाल्टमध्येही गुहा असतात, हे अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्या माणसांनी छिन्नीने कोरल्या आणि स्टाफा बेटावरची फिंगलची गुहा समुद्राच्या लाटांनी कोरली. लॉख नेसच्या दोन्ही काठांवर मुख्यतः रूपांतरित शिस्ट, ग्रॅनाइट आणि जुना वालुकाश्म व गोटेमिश्रित खडक आहे. हे खडक पाण्यात चुनखडीसारखे विरघळत नाहीत, आणि शंभर-दोनशे मीटर खोलीवर कडा पोखरणाऱ्या लाटाही नसतात.

शिवाय हे सरोवर ज्या ‘ग्रेट ग्लेन’ प्रस्तरभंगावर आहे, त्याच्या दोन बाजू कोट्यवधी वर्षे एकमेकींवर घासल्या गेल्यामुळे मधला खडक भरडून निघाला आहे. हिमयुगात हिमनदीने याच कमकुवत पट्ट्यात खोल चर खणला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळल्यावर त्या चरात पाणी साचले. हिमनदी खडक खरवडून उघडी, तीव्र उताराची दरी तयार करते. छत असलेली दालने ती कोरत नाही. भरडलेल्या खडकात एखादी पोकळी झालीच, तरी तिचे छत तग धरणे कठीण. भर म्हणून बर्फ गेल्यापासून तळावर गाळाचे थर साचत आले आहेत आणि त्यामुळे या सरोवराचा तळ बराचसा सपाट आहे. उतारावर कोसळलेल्या शिळांच्या आड कपारी जरूर असतील. त्यांत ईल मासे राहू शकतील; कित्येक टनांचा प्राणी सहकुटुंब राहू शकणार नाही.

आता २०१६ च्या घळीविषयी. त्या वर्षाच्या सुरुवातीला एका पर्यटन-नौकेच्या चालकाने आपल्या सोनारवर ८८९ फूट, म्हणजे सुमारे २७१ मीटर खोलीची नोंद झाल्याचे सांगितले. सरोवराची मान्य कमाल खोली सुमारे २३० मीटर आहे, म्हणून या बातमीने खळबळ उडाली. त्या चालकाने पाहिलेला आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. यंत्राने तो दाखवलाच असेल. प्रश्न तो का दाखवला, हा आहे. नौकेवरचे साधे यंत्र ध्वनी सरळ रेषेत नव्हे, तर शंकूच्या आकारात खाली सोडते. वीस अंशांचा शंकू धरला तर २३० मीटर खाली पोहोचेपर्यंत त्याचा घेर सुमारे ८० मीटर व्यासाचा होतो. घाटात उभे राहून आरोळी दिली की समोरच्या कड्यावरून एक प्रतिध्वनी येतो आणि बाजूच्या कड्यांवर आपटून फिरत आलेला दुसरा थोडा मागाहून येतो, हा अनुभव अनेकांना असेल. लॉख नेसच्या कडा उभ्या आहेत. तिथे तळ आणि कडा अशा दोहोंवर आदळून लांबच्या वाटेने परतलेला ध्वनी उशिरा येतो, आणि उशीर म्हणजे खोली एवढेच त्या यंत्राला कळत असल्यामुळे ते तिथे जास्त खोली दाखवते.

याचा निकाल त्याच वर्षी लागला. ‘कॉन्ग्सबर्ग’ या नॉर्वेच्या कंपनीचे ‘मुनिन’ नावाचे स्वयंचलित यान थेट पाण्याखाली उतरवून तळाचे बारीक नकाशे काढले गेले, तेव्हा सांगितली जात होती तशी घळ तिथे आढळली नाही. आढळली ती साधारण नऊ मीटर लांबीची, लांब मानेची एक आकृती. १९६९ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी बुडालेली नेसीची प्रतिकृती होती ती. ज्या पाहणीत नऊ मीटरचे बाहुले नजरेतून सुटले नाही, तीत दरीएवढी घळ सुटली असे मानता येत नाही.

समुद्राला जोडणाऱ्या भुयाराचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो शाळेतल्या विज्ञानानेच तपासता येतो. गावच्या जुन्या बारवेतून थेट काशीला भुयार जाते, अशा कथा ऐकत आपल्यापैकी पुष्कळ जण वाढलो. त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. लॉख नेसचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १६ मीटर उंच आहे. दोन भांडी तळाशी नळीने जोडली की दोन्हीकडचे पाणी समतोल साधेपर्यंत वाहते. समुद्राचे पाणी जड असते, हे जमेस धरू. भुयार सरोवराच्या अगदी तळाशी, म्हणजे समुद्रसपाटीखाली सुमारे २१४ मीटरवर असते, तर खाऱ्या पाण्याच्या जादा वजनामुळे गोडे पाणी समुद्रापेक्षा पाच-साडेपाच मीटर उंच राहू शकले असते. म्हणजे दाव्याला शक्य तितकी सवलत दिली, तरी पातळी दहा मीटरने खाली यायला हवी होती. दहा मीटर उतरलेल्या सरोवरातून नेस नदी वाहूच शकली नसती. ती मात्र उत्तर टोकातून निघून इन्व्हर्नेस शहरातून आजही समुद्राला मिळते आहे. आणि प्राणी ये-जा करू शकेल एवढ्या रुंद भुयारातून समुद्राचे पाणी आत येत असेल, तर जड खारे पाणी तळाशी साचून राहिले असते. लॉख नेस तळापर्यंत गोडे आहे.

मग १७५५ साली पाणी का उसळले? १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर फोर्ट ऑगस्टसकडच्या टोकाला सरोवराचे पाणी उसळून ओइक नदीच्या मुखात उलटे शिरल्याची नोंद आहे आणि ती विश्वसनीय आहे. परंतु त्याच दिवशी स्कॉटलंडमधल्याच लॉख लोमंड या दुसऱ्या सरोवराचे पाणीही वरखाली झाले होते आणि युरोपातल्या इतरही जलाशयांत तसेच घडले होते. पाणी उसळायला भुयार लागते असे म्हटले, तर या प्रत्येक सरोवराखाली लिस्बनपर्यंतचे भुयार मानावे लागेल. भरलेली परात उचलताना किंचित हलली की पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे झुलत राहते, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लहरी जमिनीतून जाताना सरोवराचे पात्र असेच हलवतात आणि पाणी झुलू लागते. पाण्याच्या या झुलण्याला सीश म्हणतात. लॉख नेसमध्ये तर हा प्रकार वाऱ्यानेही होतो. सर जॉन मरे यांच्या देखरेखीखाली १९०३-०४ साली या सरोवराची खोली पद्धतशीर मोजली गेली, तेव्हा वरचे उबदार आणि खालचे थंड पाणी यांच्या सीमेवरील असे आंतरिक हेलकावेही नोंदवले गेले.

आता वादापुरते धरून चालू की गुहा आहेत. हा दावा पुढे पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी इथे थोडे थांबावे, कारण गुहा मिळाली म्हणजे निवारा मिळाला, असे होत नाही. नेसीला बहुतेक जण प्लेसिओसॉर म्हणजे नामशेष झालेला सागरी सरीसृप मानतात. सरीसृपाला फुप्फुसे असतात आणि त्याला हवा लागते. पाण्याने भरलेल्या गुहेत हवा नसते. छताशी हवेचा साठा अडकला आहे असे मानले, तर शंभर मीटर खोलीवर त्या हवेवर पृष्ठभागाच्या सुमारे अकरा पट दाब असेल. ती हळूहळू पाण्यात विरघळत जाईल आणि प्राणी श्वास घेईल तसा तिच्यातला ऑक्सिजन संपत जाईल. नवी हवा तिथे कोण आणणार? ताजी हवा मिळायची तर गुहेचे छत पाण्याच्या पातळीवर आणि बाहेरच्या हवेला उघडे असायला हवे, म्हणजेच ती गुहा काठावर दिसायला हवी. लॉख नेसच्या दोन्ही बाजूंनी रस्ते जातात.

म्हणून प्राणी गुहेत राहो वा उघड्यावर, श्वासासाठी त्याला वर यावेच लागेल. थंड पाण्यात निपचित पडलेले समुद्री कासव काही तास श्वासाशिवाय राहू शकते, हे खरे आहे. तीच सवलत नेसीला देऊन ती पाच तासांतून एकदाच वर येते असे धरू. एकच प्राणी हजारो वर्षे जगत नाही, म्हणून वंश टिकवणारा कळप हवा; तो अगदी लहान, दहा जणांचा धरू. दिवसाला सुमारे पन्नास वेळा, वर्षाला अठरा हजारांच्या आसपास आणि १९३३ साली ही बातमी गाजू लागली तेव्हापासून आजवर सोळा लाखांहून अधिक वेळा यांपैकी कोणी ना कोणी वर आलेले असणार. अर्ध्या वेळा रात्र होती असे धरा, धुके धरा, पाऊस धरा. तरीही नोंदवल्या गेलेल्या दर्शनांची संख्या हजाराच्या थोडीच वर आहे आणि त्यांतली कितीतरी बोटींच्या लाटा, ओंडके आणि पक्षी निघाली आहेत. सर्वांत गाजलेले १९३४ चे छायाचित्र खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेल्या मानेचे होते, हे १९९४ साली उघड झाले.

अन्नाविषयी थोडक्यात: पाणी पीटमुळे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे, चहासारखे तपकिरी असल्याने प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून येथे एकूणच अन्न कमी. सोनारच्या आधारे केलेल्या अंदाजांनुसार सरोवरातील मासे सुमारे वीस टन भरतात. नदीतून हंगामी सामन मासे येतात ते वेगळे. गुहेत तर काहीच पिकत नाही. खायला बाहेर, मोकळ्या पाण्यातच यावे लागणार.

प्राणी मोकळ्या पाण्यात आला की मागे खूण राहते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील नील जेमेल यांच्या पथकाने २०१८ साली सरोवरातून वेगवेगळ्या खोलींवरचे सुमारे २५० नमुने घेऊन पाण्यात विखुरलेला डीएनए तपासला. त्वचेच्या पेशी, विष्ठा, लाळ यांतून प्रत्येक सजीव असा डीएनए सोडत असतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या निष्कर्षांत सरीसृपाचा मागमूस नव्हता. ईल माशांचा डीएनए मात्र मुबलक होता. या पद्धतीलाही मर्यादा आहेत आणि एका पाहणीने सगळे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण गुहेची सबब येथे लागू पडत नाही. गुहेचे तोंड सरोवरात उघडत असेल तर तिचे पाणी सरोवरात मिसळणार, आणि ते बंद असेल तर प्राणीही बाहेर येणार नाही.

राहिला सोनार कुचकामी असल्याचा आरोप. ऑक्टोबर १९८७ मध्ये चोवीस नौकांनी रांग धरून सरोवराच्या लांबीचा मोठा भाग पिंजून काढला, त्यात तीन प्रतिध्वनींचा उलगडा झाला नाही, हे मी लपवू इच्छित नाही. पण ते मोकळ्या पाण्यातले होते. याच सरोवरात १९४० सालच्या अखेरच्या दिवशी एक वेलिंग्टन बॉम्बफेकी विमान उतरून बुडाले होते. ते १९७६ साली सोनारनेच सापडले आणि १९८५ साली सुमारे ७० मीटर खोलीवरून वर काढले गेले. पंचेचाळीस वर्षे काळोख्या पाण्यात पडून असलेल्या त्या विमानाचे शेपटीकडचे दिवे बॅटरी जोडताच लागले. १९८० च्या दशकात दोनशे मीटरहून खोल पाण्यात आर्क्टिक चार हा लहानसा मासाही मिळाला. या सरोवरात जे आहे, ते शोधणाऱ्यांना सापडत आले आहे.

२०१६ च्या त्या नौकाचालकाविषयी मला आदर वाटतो, कारण त्याने ठिकाण आणि खोली दोन्ही सांगितले आणि म्हणूनच त्याचे म्हणणे तपासता आले. फिरणाऱ्या दाव्यात मात्र गुहेचे तोंड कोणत्या काठाला, किती खोलीवर, किती रुंद, यांतले काहीच दिलेले नसते. ते कोणी सांगितले, तर मुनिनसारखे यान तिथे उतरवता येईल.