फ्लायव्हील वीज तयार करत नाही

गावोगावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरतो. एक एचपीची मोटर पट्ट्याने जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरवते, चाक वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरवतं, आणि त्यातून निघालेल्या विजेवर मोटरही चालते अन् घरही. 'दहा किलोवॅट वीज, बिल शून्य.' खाली फोन नंबर, किटसाठी ॲडव्हान्स. बिलांनी आणि भारनियमनाने पिचलेला माणूस यात कष्टाचे पैसे घालतो, म्हणून मला हे सोडून देता येत नाही. विकणाऱ्यांचे दावे एकेक करून पाहू.

'जड चाकामुळे ताकद वाढते.' वाढत नाही, फक्त साठते. ५० किलोचं, ३० सेंटिमीटर त्रिज्येचं भरीव चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्यात साधारण २८,००० जूल ऊर्जा असते. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. एवढ्या अवजड चाकात युनिटचा शंभरावा भागही नाही. एक किलोवॅटची शेगडी त्यावर अर्धा मिनिटसुद्धा चालणार नाही. प्लग काढल्यावर व्हिडिओतले बल्ब काही सेकंद जळत राहतात ते याच साठ्यावर, आणि तो साठा मोटरने आधी मीटरमधूनच भरलेला असतो. झटके सावरणं हे फ्लायव्हीलचं खरं काम; डिझेल इंजिनात ते हे काम चोख करतं.

'पुली बदलून वेग चौपट केला.' केला, पण फिरवण्याचा जोर त्याच वेळी चतकोर झाला. शक्ती म्हणजे या दोहोंचा गुणाकार, तो तिथेच राहतो. उलट पट्टा आणि बेअरिंग आपला वाटा खातात.

'अल्टरनेटर तर बोटानेही फिरतो.' रिकामा असताना फिरतो. मांडवातल्या जनरेटरजवळ उभे राहा आणि कुणाला तरी सगळे हॅलोजन एकदम लावायला सांगा. इंजिनाचा आवाज दबतो, मग वेग सांभाळणारा गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो आणि ते सावरतं. अल्टरनेटरच्या तारांच्या वेटोळ्यांतून, म्हणजे वायंडिंगमधून, करंट वाहू लागला की त्याचं चुंबकत्व फिरण्यालाच विरोध करतं. लेन्झचा नियम तो हाच. छोट्या मोटरची कार्यक्षमता ७५-८० टक्के धरा, अल्टरनेटरची तेवढीच. मोटरने १००० वॅट घेतले तर शेवटी हाती ६०० च्या आसपास येतात. त्या ६०० वर तीच मोटर पुन्हा चालवायची, आणि वर घरही?

'मीटरवर २३० व्होल्ट दिसतात.' नुसते व्होल्ट म्हणजे शक्ती नव्हे. लोड नसतानाही ते दिसतात. दहा एलईडी बल्ब लखलखतात खरे, पण नऊ वॅटचे दहा बल्ब म्हणजे अवघे ९० वॅट. 'फक्त सुरू करायला' ठेवलेली १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी एवढा लोड कित्येक तास ओढते.

'पेटंट आहे.' दाखवतात तो बहुतेकदा अर्जाचा नंबर, आणि अर्ज कुणीही करू शकतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ चं पहिलंच उपकलम निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्यांना शोध मानत नाही.

'कंपन्या आणि शास्त्रज्ञ हे दाबून टाकतात.' इतिहास वेगळंच सांगतो. अमेरिकेत जोसेफ न्यूमन यांचं, घेतलेल्यापेक्षा जास्त वीज देतं म्हणून सांगितलेलं यंत्र १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने तपासलं. आत गेलेल्या विजेपेक्षा बाहेर आलेली कमीच भरली. फुकट ऊर्जेचा असाच दावा करणाऱ्या आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये जाहिरात देऊन स्वतःच शास्त्रज्ञांना आव्हान दिलं. कंपनीने निवडलेल्या २२ जणांच्या मंडळाने २००९ मध्ये एकमताने सांगितलं, की ऊर्जा निर्माण झाल्याचं दिसलेलं नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने मात्र १७७५ मध्येच अशा कायम आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं थांबवलं होतं. या नादात कुटुंबं देशोधडीला लागतात, हेही तिने कारणांत नोंदवलं होतं. अडीचशे वर्षांनंतरही ते कारण तसंच लागू आहे.

'भास्कराचार्यांनी हे सांगितलंच होतं.' १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत पाऱ्याच्या नळ्यांच्या स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या, चाकाचं वर्णन केलं आहे, हे खरं. पण एका बाजूला पारा आसापासून लांब जातो तेव्हा दुसऱ्या बाजूला तो जास्त नळ्यांत असतो. बेरीज जुळते आणि चाक थांबतं. त्यांची थोरवी समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढणाऱ्या चक्रवाल पद्धतीत आहे, ग्रहांच्या तात्कालिक, म्हणजे त्या त्या क्षणाच्या, गतीच्या गणितात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्यात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचं नाव किट खपवायला वापरलेलं पाहून मला मनापासून चीड येते.

ॲडव्हान्स मागणाऱ्याला एकच अट घाला. बॅटरी काढा, यंत्र उघड्या टेबलावर ठेवा, बाहेरून येणारी एकही वायर नको. एक किलोवॅटचा हीटर जोडा आणि आउटपुटला साधं एनर्जी मीटर लावा. पूर्ण २४ तास, व्हिडिओ न कापता, तुमच्यासमोर. मीटरवर २४ युनिट चढले, तरच पैशांची गोष्ट काढा.