नुसतं "नीट शिजवा" म्हणून कसं चालेल?
लेखात म्हटलंय बीफ नीट शिजवलं की काळजी नाही, पण अख्खा तुकडा आणि खिमा यात फरक आहे ना राव! तुकड्यावर ई. कोलाय वगैरे जंतू बहुतेक वरवरच असतात, भाजताना मरतात, पण खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळतात, त्यात कारखान्यातल्या एका लॉटमध्ये कितीतरी जनावरांचं मांस एकत्र. मीपण रंग बघूनच ठरवायचो, एकदा मस्त तपकिरी दिसणारी पॅटी खाल्ली आणि दोन दिवस बाथरूममध्येच मुक्काम (पॅटीमुळेच का ते देव जाणे). तेव्हापासून थर्मामीटर, मधोमध ७१ अंश सेल्सिअस.

आणि मॅड काऊ या गायींच्या मेंदूच्या रोगाचे प्रिऑन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) तर शिजवून नष्टच होत नाहीत, तिथे जनावराला काय खाऊ घातलं आणि कत्तलखान्यात मेंदू-मणका वेगळा काढला का, यावरच सगळं. ते तर लेखात कुठेच नाही.