चादरीचं दुसरं टोक

संहिता नसताना तालमीत नेमकं करता काय, असं मला अजूनही विचारलं जातं. खरं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. बहुतेक दिवस काहीच होत नाही. रिकामा हॉल, मी आणि एक नटी. ती काहीबाही करून बघते, मी वहीत खरडतो, आणि संध्याकाळी दोघंही वैतागून घरी जातो.

मग एखाद्या दुपारी काहीतरी हाती लागतं. आमच्या एकपात्रीचा विषय एवढाच ठरला होता: घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला आठवडा. तिनं डबलबेडची चादर घडी करायला घेतली. काम दोघांचं. एक टोक तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवलं, दुसरं ओढलं, तर खुर्चीच सरकत तिच्याकडे आली. ती खुर्चीवर खेकसली, "अरे, धर ना जरा नीट!" आणि गप्प झाली. माझ्या अंगावर काटा आला. तिथेच मी माती खाल्ली. ओरडलो, "थांब थांब, हेच परत कर!"

केलं तिनं परत. पार मेलेलं. तीन दिवस मी तिला तो पॉज, ती नजर, तो सूर आठवून आठवून सांगत होतो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मी तेव्हा खरंच चिडले होते रे, खुर्ची सरकली म्हणून." आणि आम्ही मधल्या काळात काय केलं होतं, तर प्रसंग नीट चालावा म्हणून खुर्चीच्या पायांना रबर लावलं होतं! रबर काढलं. पहिल्याच फेरीत प्रसंग परत आला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की अशा नाटकात दिग्दर्शकानं नटाची अडचण सांभाळायची. भावना नट बघून घेतो. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीनं 1965च्या ‘द कॉन्स्टंट प्रिन्स’ या नाटकासाठी रिशार्ड चेश्लाक या एकट्या नटाबरोबर कित्येक महिने काम केलं. प्रेक्षकांना दिसत होता छळ सोसणारा राजपुत्र, आणि चेश्लाक आतून चाचपत होता स्वतःच्या कोवळ्या वयातल्या पहिल्या प्रेमाची आठवण. हालचाली काटेकोर बांधलेल्या, पण त्यांच्याखालचं सामान नटाचं, खासगी.

आणि सामान नटाचं असेल, तर नाटक कुणाचं? इथे आम्ही दिग्दर्शक सोयीस्कर मुके होतो. ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली यांचं ‘अबिगेल्स पार्टी’ (1977) हे नाटक नटांबरोबरच्या दीर्घ इम्प्रोव्हायझेशनमधून, म्हणजे संहितेशिवाय सुचेल तसं करून बघण्यातून, उभं राहिलं, पण श्रेय छापलं गेलं ते एकट्या लींच्या नावावर. निवड, रचना, काटछाट त्यांची, हे मान्य. तरीही मला ते खटकतं. कारण मीही तेच केलं. पोस्टरवर ‘लेखन-दिग्दर्शन’ म्हणून माझं एकट्याचं नाव टाकलं. ती भांडली नाही. पोस्टर बघून फक्त म्हणाली, "खुर्चीचं नाव राहिलं."

आता दुसरं नाटक करतोय. पहिल्या दिवशी, एकही प्रसंग सुचायच्या आधी, वहीच्या पहिल्या पानावर ‘लेखन’ असं लिहून पुढे दोघांची नावं घातली. आधी कुणाचं, यावर अर्धा तास वाद झाला. मग तिनं चपला काढल्या आणि तालीम सुरू केली.