मागचा आवाज

आमच्या घराच्या डाव्या भिंतीला लागून चार माग आहेत. बेळगावच्या वडगावात याचं कुणाला नवल नाही. सकाळी सुरू होतात ते रात्री जेवणवेळेपर्यंत खटखटत असतात. मध्येच वीज गेली की जी शांतता पसरते ती इतकी अनोळखी असते, की झोपलेली पोरं दचकून उठतात.

अशा घरात मी होम थिएटर आणलं.

तसं कारण होतं. जुना डबडा टीव्ही गेला आणि भिंतीला चिकटणारा पातळ टीव्ही आला. पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते. ते बिचारे खालच्या कडेला बसवलेले, तोंड जमिनीकडे. म्हणजे मालिकेतली सासू सुनेला जे काही बोलायची ते आमच्या फरशीला ऐकू यायचं. वरून मागांची खटखट. दोन वर्षं आम्ही सगळ्या मालिका अंदाजानं पाहिल्या.

पुण्याच्या भाच्याला फोन केला ही पहिली चूक. तो म्हणाला, "मामा, साउंडबार घेऊ नका, ती तडजोड झाली. घ्यायचं तर ५.१ घ्या." पाच म्हणजे समोर तीन, मागे दोन. आणि तो पॉइंट एक? तो सबवूफर. फक्त खर्जातला दणका सांभाळतो, साधारण १२० हर्ट्‌झच्या खालचा, म्हणून त्याला पुरता आकडा न देता दशांशावर भागवलंय. घरी आल्यावर कळलं की तो दशांश उचलायला दोन माणसं लागतात आणि उरलेले पाच मी एका पिशवीतून आणू शकलो असतो.

खडेबाजारातला विक्रेता एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, दुसऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होता. तिन्ही भाषांत 'हजार वॅट' तेवढं समान होतं. भाच्यानं पढवून पाठवलं होतं, म्हणून मी विचारलं, "आरएमएस किती?" तो एकदम गप्प झाला. मग खोका उलटा करून, चष्मा वर सरकवून, मागच्या बारीक अक्षरातून त्यानं जो आकडा वाचला तो हजाराच्या जवळपासही नव्हता. आरएमएस म्हणजे सतत मिळणारी ताकद, रोजची मजुरी; आणि पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, दिवाळीच्या बोनसादिवशी खिशात क्षणभर खुळखुळणारी रक्कम. दुकानाच्या पाटीवर नेहमी बोनसच लिहिलेला असतो.

सामान घरी आलं आणि खरी पंचाईत सुरू झाली. पुस्तिकेत एक चित्र होतं. मधोमध सोफा, सोफ्यावर एकटा माणूस, त्याच्याभोवती वर्तुळ. समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून डावी-उजवीकडे तीस-तीस अंशांवर, मागचे दोन एकशेदहावर. मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, सुतळी ताणली आणि हॉल मोजला. ज्या माणसानं हे चित्र काढलं त्याच्या घरात माणसं राहत नसावीत. आमच्याकडे उजवीकडचे एकशेदहा अंश बरोबर आईच्या उशीवर येत होते. डावीकडचे देव्हाऱ्यात.

"देवाच्या कानाशी भोंगा लावूलालास काय?" आईनं विचारलं.

तह असा झाला. देव जागचे हलणार नाहीत, डावा स्पीकर दीड हात पुढे येईल. उजवा आईच्या उशाशी भिंतीवर उंच राहील, पण त्याला रात्री टॉवेल घालायचा. मधला स्पीकर, ज्यातून सगळे संवाद येतात, टीव्हीखाली. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की त्याचा दणका वाढतो म्हणतात, पण आमच्याकडे मोकळा कोपरा एकच, तोही मागांच्या भिंतीचा. तिथे तो ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर मनीप्लांट. बायको म्हणाली, "एवढं मोठं स्टूल रिकामं ठेवायचं काय?"

मग जोडणी. सगळे स्पीकर एका डब्याला, म्हणजे रिसीव्हरला, आणि तिथून एक तार टीव्हीला. टीव्हीच्या पाठीला एचडीएमआयची तीन भोकं. तिन्ही दिसायला सारखी, पण आवाज बाहेर पाठवायची सोय त्यातल्या एकाच भोकाला. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असतं आणि ते वाचायला टीव्ही भिंतीवरून उतरवावा लागतो. मी अर्थातच आधी उरलेल्या दोन्हींत घालून पाहिलं. एआरसीची गंमत अशी, की एकाच तारेतून चित्र एका दिशेनं येतं आणि आवाज उलट दिशेनं परत जातो. २००९ सालापासून ही सोय आहे म्हणे. माझ्या घरी यायला तिला बराच वेळ लागला.

तार बरोबर भोकात गेली तरी आवाज नाही. कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो कन्नडमधून म्हणाला, आधी टीव्हीतलं सीईसी, म्हणजे एचडीएमआयच्या तारेवरून उपकरणांनी एकमेकांशी बोलायची सोय, चालू करा. सेटिंग सगळं पालथं घातलं, सीईसी नावाचं काही मिळालं नाही. मिळणार कसं? एका कंपनीच्या टीव्हीत त्याला ॲनीनेट म्हणतात, दुसरीच्या सिंपलिंक, तिसरीच्या ब्राव्हिया सिंक. वस्तू तीच. याचा राग मानायला मी काही परगावचा नाही. २०१४ च्या एक नोव्हेंबरला आमच्या बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं, तेव्हापासून मी पत्ता लिहिताना समोर कोण बसलंय ते बघून नाव घालतो.

सिंपलिंक चालू केलं. शांतता.

"सौंड बर्तद री, स्वल्प तडी री," फोनवरचा म्हणाला. आवाज येतोय, जरा थांबा. थांबायला आम्हाला कुणी शिकवायला नको. आमचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अर्धा तास थांबलो. शेवटी तो म्हणाला, ऑप्टिकल केबल लावून बघा, आणि फोन ठेवला.

ऑप्टिकल केबलमधून वीज जात नाही, उजेड जातो. टोकाला तांबडा ठिपका दिसतो. आणली, लावली. तरी शांतताच. तेवढ्यात शेजारचे मागवाले काका दारात आले. सकाळपासून आमच्याकडून नुसत्या शिव्याच ऐकू येतायत म्हणून चौकशीला.

"समोरचापण न्हाई आणि मागचापण आवाज येत न्हाई, काका."

"मागाचा? मागाचा येऊलालाय की ओ, सकाळधरनं!"

गैरसमज दूर झाल्यावर ते गुडघ्यावर बसले. चाळीस वर्षं हजारो धाग्यांतला तुटलेला एक धागा शोधणारा माणूस. त्यांनी तार टीव्हीकडून धरली आणि बोटांतून सरकवत रिसीव्हरकडच्या टोकापर्यंत गेले. तिथे ती उपसून डोळ्यांसमोर धरली. "टोपण काढलं न्हाईसा की ओ हे." नव्या ऑप्टिकल केबलच्या टोकाला धूळ लागू नये म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण असतं. मी ते टोपणासकट आत कोंबलं होतं.

टोपण निघालं आणि खोली आवाजानं भरून गेली. मग त्यांनी स्वतःहूनच सगळ्या स्पीकरच्या तारा तपासल्या. तांबडीला तांबडी, काळीला काळी. समोरच्या डाव्याची मी उलटी लावली होती. अशी एक जरी उलटी लागली तरी दोन स्पीकरचे पडदे एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि खर्ज पोकळ होतो. त्यांनी ती सरळ केली आणि मालिका बघत सोफ्यावर टेकले.

दोन मिनिटांत म्हणाले, "ही बाई तोंड उघडायच्या आधी बोलूलालीया."

आम्हा कुणालाच तसं काही दिसलं नव्हतं. पण मागांच्या खटखटाटात काम करणारी माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. काकांना आवाज हा वरखर्चाचा भाग आहे. टीव्ही चित्र साफसूफ करून दाखवण्यात थोडा वेळ घालवतो, तोवर आवाज दुसऱ्या तारेनं पुढे निघून गेलेला असतो. रिसीव्हरमध्ये तो मिलिसेकंदांनी रोखून धरायची सोय होती. मी रिमोट दाबत गेलो, काका बाईच्या ओठांकडे बघत राहिले. "अजून... अजून... हां, बस." आकडा ऐंशीवर थांबला होता. चहा घेऊन ते गेले आणि भिंतीपलीकडे माग सुरू झाले.

रात्री माग बंद झाल्यावर ५.१ मधला सिनेमा लावला. त्यात पाऊस होता. मागच्या दोन स्पीकरमधून तो असा काही लागला, की आई खाटेवरून उठली आणि "अरे, वर सांडगे हाईत!" म्हणत जिन्याकडे धावली. मे महिना होता. गच्चीवर चांदणं. खाली येऊन ती माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. त्या आठवड्यात असंच अजून दोनदा झालं. तिसऱ्या वेळी सिनेमात नुसतं तळणं चाललं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी कामावरून परतलो तो बेळगावचा पाऊस आडवा लागला होता. अंगणातल्या दोरीवर घरातले सगळे कपडे, माझ्या दोन विजारींसकट, पाणी गाळत होते. टीव्ही बंद. आई खाटेवर निवांत शेंगा सोलत बसलेली.

"आई, पाऊस!"

तिनं मानही वर केली नाही. "तुझं मागचं बोलूलालंय ते. टॉवेल घाल त्याच्यावर."