रस्सा बंद केलात, पण ती गोळी?

ताई, तुमचा आक्षेप असा, की अल्सर होतो तो तांबड्या रश्श्यानं आणि मिसळीनं, आणि मी मात्र पेनकिलरसोबत पोटाची आणखी एक गोळी घ्यायला सांगून औषधांचाच प्रचार करतो; शिवाय त्या पोटाच्या गोळीनं हाडं कमजोर होतात. आईंचा रस्सा बंद करून थंड दूध सुरू केलंय, असंही लिहिलंत. पण गुडघ्यांसाठी त्या रोज डायक्लोफिनॅक ही पेनकिलर घेतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला काळजी वाटते ती त्याचीच.

तिखटानं जळजळ वाढते, हे खरं. पण जठरात जखम होण्याची मोठी कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. हा जिवाणू असेल तर अँटिबायोटिक्सचा कोर्स पुरा करावा लागतो, दुधानं तो जात नाही.

दुसरं कारण तुमच्या घरात आहे. जठराचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे शाबूत राहतं, तेच डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन कमी करतात. गोळी जेवणानंतर घेतली काय किंवा इंजेक्शन घेतलं काय, हा परिणाम रक्तातून होतोच. त्यातही म्हाताऱ्या माणसांना बरेचदा दुखतच नाही, थेट रक्तस्राव होतो. म्हणून वय पासष्टच्या पुढे असेल, आधी अल्सर झालेला असेल, किंवा स्टेरॉइड वा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर पँटोप्राझोलसारखी पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी जोडीला देतात. ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची. आपल्याकडे बहुतेक जण दोन्ही गोळ्या जेवणावर एकदमच घेतात आणि मग गुण नाही म्हणतात.

तुमचा हाडांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. गरज नसताना पोटाची ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं मोडण्याचा धोकाही थोडा वाढलेला दिसतो. म्हणूनच पेनकिलर थांबली की हीसुद्धा थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारायचं.

या आठवड्यातच आईंना डॉक्टरांकडे न्या. डायक्लोफिनॅकऐवजी पॅरासिटामॉल किंवा गुडघ्याला लावायचं जेल चालेल का, जिवाणूची तपासणी करायची का, हे विचारा. आणि शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं किंवा त्यांना घेरी आली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. रात्रीच कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल गाठा, नाहीतर घराजवळचं जे हॉस्पिटल उघडं असेल ते.