पास-नापास नंतर बघू, आधी श्रेणी खरी लिहू द्या

पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आली तेव्हापासून आमच्या नागपुरात स्टाफरूममधे म्हणा, पालकसभेत म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, एकच वाद चालू आहे, पोरांना नापास करावं की नाही. अर्धे लोक म्हणतात ढकलपासनं पिढी वाया गेली, अर्धे म्हणतात नापास केलं की पोट्टे शाळाच सोडतात. मी हायस्कूलला गणित शिकवते, अनुदानित शाळा आहे, नववीत येणारी बरीचशी मुलं मनपाच्या नाही तर झेडपीच्या शाळेतून आलेली असतात, आणि मला मनापासून सांगायचं आहे की या वादात मूळ दुखण्याला कुणी हातच लावून नाही राहिलं. प्रगतीपुस्तकावरची श्रेणी खरी नसते. आणि ती खरी नसते कारण खरी श्रेणी लिहिली की त्रास लिहिणाऱ्या शिक्षकालाच होतो.

जरा मागं जाते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरलं, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्या राज्याचा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा जीआर निघाला. लोक त्याला आज शिव्या देतात पण मी तं म्हणेन जीआर चांगला होता. अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी, पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिक म्हणजे वर्षभराचं, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, छोट्या चाचण्या वगैरे, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. लहान लेकराला एका दिवसाच्या पेपरवर तोलायचं नाही हा विचार मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती जी कुणाला आठवत नाही, ज्याची श्रेणी ड च्या खाली जाईल त्याला शाळेनं जादा मार्गदर्शन करून किमान ड पर्यंत आणायचं. म्हणजे वर ढकला असं कायदा म्हणतच नव्हता, शिकवून वर न्या म्हणत होता.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. एका बाईंकडे दोन वर्ग, शाळेत माणसं कमी, पोषण आहाराच्या नोंदी, यूडायस म्हणजे सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, मतदार याद्यांचं काम, मधे कुठलं तरी प्रशिक्षण. त्या बाईंनी वर्गातल्या सात मुलांना गणितात इ-१ लिहिलं तर सात मुलांचे जादा तास घ्यायचे, त्यांच्या वेगळ्या नोंदी ठेवायच्या, परत परीक्षा घ्यायची, आणि वरून बैठकीत विचारणार, मॅडम तुमच्याच वर्गाचा निकाल असा काहून? त्याच मुलांना क-२ लिहिलं तर कुणी एक शब्द विचारत नाही. कितीही प्रामाणिक माणूस असू द्या, वर्षामागून वर्षं हे चाललं की इ-१ लिहिणं बंदच होणार, आणि झालंही तसंच, बहुतेक प्रगतीपुस्तकांत ड च्या खालची श्रेणी मला दिसतच नाही.

शिवाय मुद्दाम कुणी खोटं लिहिलं पाहिजे असंही नाही, बेरीजच तशी आहे. सहावीतला मुलगा धरा. वर्गात शांत बसतो, वही नीट, प्रकल्प घरच्यांनी करून दिला, आकारिकचे ५० पैकी ४५. संकलितमधे कसेबसे २०. झाले ६५, म्हणजे ब-२. भागाकार येत नाही, अपूर्णांक म्हणजे काय ते माहीत नाही, आणि कार्डावर ब-२! दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या की हे होणारच, मुलगा वर्गात कसा वागतो आणि मुलाला काय येतं. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण एका अक्षरात मावत नाहीत.

आमच्या नववीत एक मुलगी आली होती, वडील कळमन्याच्या मार्केटमधे हमाली करतात. पहिल्या चाचणीत तिला गणितात जवळजवळ काहीच लिहिता आलं नाही म्हणून मी वडिलांना बोलावलं. ते आठवीचं कार्ड घेऊनच आले, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं, गणित ब-२. मला म्हणाले, मॅडम पोरगी हुशार आहे माझी, या शाळेत आल्यावर बिघडून राहिली का? त्यांचं काय चुकलं सांगा. ज्या मार्केटमधे ते राबतात तिथं काट्यावर भरलेल्या वजनावर माणूस विश्वास ठेवतो, काटा खोटा असेल तर भांडण होतं, बंद करायला लावतात. शाळेनं दिलेल्या कागदावर त्यांनी तसाच विश्वास ठेवला. मुलगी खरंच हुशार आहे. तिला चौथीपासूनचं गणित राहून गेलं होतं आणि चार-पाच वर्षं कुणी घरी तसं सांगितलंच नाही. ट्यूशन लावणं त्यांना झेपलं नसतं हे मला मान्य, पण कळलं असतं तर ते कुणाला तरी विचारायला गेले असते, शेजारच्या ताईला म्हणाले असते, शाळेत येऊन बसले असते. ती संधीच मिळाली नाही त्यांना.

बरं, नापास करण्यानं हे सुधारतं का? मला नाही वाटत. ७ डिसेंबर २०२३ च्या जीआरनं पाचवीला विषयाला ५० गुणांची आणि आठवीला ६० गुणांची वार्षिक परीक्षा आणली, पास व्हायला पाचवीत १८ आणि आठवीत २१. पेपर शाळाच काढणार, शाळाच तपासणार, राहिला तर पूरक मार्गदर्शन करून पुनर्परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. माझा प्रश्न सरळ आहे, कमी श्रेणी लिहिली की सगळा भार शिक्षकावर हे तसंच ठेवून पाचवीला १८ ची रेघ मारली तर किती पेपरांवर १७ दिसेल? आणि आपल्याकडे विदर्भात पुनर्परीक्षेच्या आधीची तयारी म्हणजे मे महिना, ४५ डिग्रीत टिनाच्या छताखाली, निम्मी मुलं मामाच्या गावाला नाही तर आईवडिलांसोबत वीटभट्टीवर. जे तीन-चार वर्षांत राहिलं ते त्या काही आठवड्यांत भरून निघेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन शिकवून दाखवावं, मी वर्ग देते.

आणि जो खरंच मागं राहिला त्याच्यासोबत काय होतं तेही बघितलं आहे मी. तोच वर्ग, तीच पुस्तकं, वरून लहान मुलांमधे बसायची लाज. नववीत तर याहून वाईट होतं, कारण तिथं आरटीई संपतो आणि दहावीच्या निकालाची भीती चालू होते. कच्च्या मुलाच्या घरच्यांना हळूच सांगितलं जातं की १७ नंबर फॉर्म भरा, बाहेरून बसवा. शाळेचा निकाल शंभर टक्के, गेटवर मोठं फ्लेक्स, आणि ते पोरगं कुठं गेलं हे त्या फ्लेक्सवर नसतं. असं बघितलं की मला झोप येत नाही, खोटं नाही सांगत.

आकड्यांवर आपण किती अवलंबून राहतो याचं उदाहरण आपल्या नागपूरकरांना विसरता येणार नाही. २०१९ ची दहावी. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण बोर्डानं काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, राज्याचा निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० वर आला. नागपूर विभाग राज्यात सगळ्यात खाली, ६७.२७ टक्के. घराघरात रडारड. पुढच्या वर्षी २० गुण परत आले, लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, आणि राज्याचा निकाल ९५.३०. मला सांगा, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीची मुलं एका वर्षात मठ्ठ आणि दुसऱ्या वर्षात हुशार झाली का हो? शाळा त्याच, मास्तर तेच, आपण मोजायची पट्टी बदलली. म्हणून कुणी निकाल वाढला म्हणून पेढे वाटतं किंवा घसरला म्हणून शाळांना झापतं तेव्हा मला आधी विचारावंसं वाटतं, यंदा पट्टी कुठली होती?

आता नव्या शैक्षणिक धोरणात ३६० अंशांचं समग्र प्रगतीपत्रक येतं आहे, त्यात शिक्षकासोबत मुलगा स्वतः, त्याचे वर्गमित्र आणि पालक पण लिहिणार. कल्पना छान आहे, मला आवडली. पण वर्णनात्मक नोंदींची कल्पनाही अशीच छान होती, प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी मनापासून लिहायच्या होत्या, तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि "वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो" हेच वाक्य सगळ्यांना. पानं वाढवून खरेपणा येत नाही.

मला वाटतं ते असं. कार्डावर वागणूक, हजेरी, प्रकल्प एका बाजूला लिहा आणि काय येतं ते वेगळं लिहा, साध्या मराठीत, वडिलांना वाचून कळेल असं. दुसरीच्या पुस्तकातला उतारा सलग वाचतो. हातच्याची वजाबाकी येते, भागाकार नाही येत. एवढं पुरे. वर्षाच्या सुरुवातीला राज्यभर पायाभूत चाचण्या होतातच, मार्क सरकारी चॅटबॉटवर भरले जातात, वर पुण्याला शिक्षण खात्याकडे जातात, पण त्या मुलाच्या आईपर्यंत कुठं जातात? तोच निकाल ऑगस्टमधे घरी द्या, मुलाला गाठायला वर्ष हातात असतं. जादा तास शाळेच्या वेळेतच घ्या, रोज एक तास, वर्ग बाजूला ठेवून ज्याला जे येतं त्याप्रमाणे गट करून, आणि त्यासाठी माणूस द्या, मानधनावर का होईना. आणि सगळ्यात आधी, खालची श्रेणी लिहिली म्हणून खुलासा मागणं बंद करा. विचारायचंच असेल तर असं विचारा की जुलैत हा मुलगा कुठं होता आणि मार्चमधे कुठं आहे, आणि मधे तुम्हाला आम्ही काय मदत दिली. मोठ्या शाळांत पेपर दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकानं तपासला तरी बराच फरक पडेल, त्याला तं जीआरचीही गरज नाही.

काही शिक्षक मित्र म्हणतील मॅडम तुम्ही आमच्यावरच बोट ठेवलं. नाही हो. दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना मी मनापासून मानते, त्यांनी खरं लिहावं आणि ते लिहिल्यावर त्यांच्या मागं खातं उभं राहावं एवढंच म्हणते आहे.

आणि पालकांनो, १ मे ला निकाल घ्यायला जाल तेव्हा श्रेणी बघून परत येऊ नका. सरांना, मॅडमना शांतपणे विचारा, माझ्या लेकराला काय येत नाही ते सांगा. भांडायला नका जाऊ, रागावून नका विचारू, नाही तर पुढच्या वर्षी तेही खरं सांगणार नाहीत. घरी आल्यावर पोराला मारू पण नका. कागदावर लिहून मागा, तो कागद जपून ठेवा आणि जूनमधे शाळा उघडली की नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या.